साथीचा कर्करोग

अठरा आठवड्यांची तलंग. तुरा लालसर झाला आहे, पहिले अंडे दोन-तीन आठवड्यांवर आले आहे. म्हणजे चार महिन्यांचे खाद्य तिच्या पोटात गेले आणि हाती अजून एक रुपया आलेला नाही, असा तो नेमका मुहूर्त. एके सकाळी ती शेडच्या कोपऱ्यात आडवी सापडते. एक पाय पुढे ताणलेला, दुसरा मागे. नजर टवटवीत, भूकही आहे, पण खाद्याच्या भांड्यापर्यंत जाता येत नाही. दुसऱ्या दिवशी आणखी चार तशाच. आठवड्याभरात मर रोजची होते आणि डॉक्टरांना बोलावणे जाते.

शेडबाहेर एका जुन्या पत्र्यावर पोस्टमॉर्टेम, म्हणजे पीएम, सुरू होते. पोट उघडल्याबरोबर यकृत दिसते: दुप्पट-तिप्पट सुजलेले आणि त्यावर करड्या-पांढऱ्या गाठी. पाणथरीचीही तीच गत. अंडाशयाच्या जागी फुलकोबीसारखा लगदा. मग डॉक्टर मांडीचे स्नायू बोटांनी अलग करतात आणि पायाची मुख्य नस मोकळी करतात. निरोगी कोंबडीत ही नस पांढरी, चकचकीत असते आणि तिच्यावर बारीक आडव्या रेघा दिसतात. इथे डाव्या पायाची नस उजव्यापेक्षा चांगली जाड आहे, पिवळट पडली आहे आणि रेघा पुसल्या गेल्या आहेत. दोन्ही बाजूंच्या नसा शेजारी शेजारी धरून पाहणे हीच इथली खरी तपासणी. त्याला कुठले यंत्र लागत नाही.

"डॉक्टर, हा तर कॅन्सर दिसतोय. आणि लस तर हॅचरीतच टोचून आली होती."

मालक म्हणतो त्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. हा कर्करोगच आहे आणि लसही दिलेली होती. आता प्रश्न पडतो तो विषाणू कुठला, हा. पण कुक्कुटपालनात गेल्या शंभर वर्षांत जे काही शिकायला मिळाले, ते पाहता हा प्रश्न थोडा चुकीचाच विचारला जातो. पत्र्यावरच्या एका कोंबडीत बहुतेक वेळा एकाहून अधिक विषाणू सापडतात. त्यांतला आधी कोण आला, कुठल्या दाराने आला आणि त्याने दुसऱ्या कुणाला आत घेतले, हे विचारायला हवे.

नसा जाड करणाऱ्या या रोगाला मॅरेक्स म्हणतात. बुडापेस्टच्या पशुवैद्यक विद्यालयातले योझेफ मारेक यांनी १९०७ साली पाय आणि पंख लुळे पडलेल्या चार कोंबड्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांना दिसली ती नसांची सूज. गाठींचा त्यात उल्लेख नव्हता. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, कोपनहेगनला विल्हेल्म एलरमान आणि ओलुफ बांग यांनी कोंबडीतला रक्ताचा कर्करोग पेशीविरहित, गाळलेल्या अर्काने दुसऱ्या कोंबडीत उतरवून दाखवला. कुणी फारशी दखल घेतली नाही, कारण रक्ताचा कर्करोग हा तेव्हा कर्करोगच मानला जात नव्हता. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राउस यांनी प्लिमथ रॉक जातीच्या कोंबडीच्या छातीतली घट्ट गाठ घेऊन तोच प्रयोग केला. गाठ वाटून, बारीक गाळणीतून गाळून तो द्रव टोचला आणि नव्या कोंबडीत गाठ उगवली. याचीही दखल सावकाशच घेतली गेली. राउस यांना नोबेल मिळाले ते १९६६ साली, वयाच्या ८७ व्या वर्षी. कोंबडीचा कर्करोग म्हणजे कोंबडीपुरता, अशी वैद्यकातली समजूत त्याला कारणीभूत होती. पक्षी कमी प्रतीचे रुग्ण, असा तो अहंकार, आणि तो बराच महागात पडला.

मारेक यांचा रोग आणि एलरमान-बांग यांचा रोग पुढे अर्धशतक एकाच नावाखाली नांदत राहिले. गाठी दिसल्या की 'ल्यूकोसिस', मग त्या कुठल्याही असोत. इंग्लंडच्या हॉटन येथील कुक्कुट संशोधन केंद्रातले पीटर बिग्ज यांनी १९६१ मध्ये हे दोन रोग वेगळे मानावेत असा आग्रह धरला. त्याच केंद्रात १९६७ मध्ये चर्चिल आणि बिग्ज यांनी मॅरेक्सचा विषाणू पेशींच्या संवर्धनात वाढवला. तो निघाला हर्पीस कुळातला. माणसाच्या कांजिण्या आणि नागीण यांच्या विषाणूचा दूरचा नातेवाईक. ल्यूकोसिसचा विषाणू मात्र रेट्रोव्हायरस होता, आपली जनुके पेशीच्या डीएनएमध्ये शिवून टाकणारा. दोघांमध्ये काडीचेही नाते नव्हते.

त्यांची येण्याची दारेही वेगळी. मॅरेक्सचा विषाणू पिसांच्या मुळाशी असलेल्या कातडीच्या पेशींत पक्का होतो आणि कोंड्याबरोबर बाहेर पडतो. कोंबडी पंख झाडते, कोंडा उडतो, श्वासावाटे शेजारणीच्या फुप्फुसात जातो. शेडच्या जाळीवर, पंख्याच्या पात्यांवर, छताच्या वाशांवर साचलेल्या धुळीत हा विषाणू कित्येक महिने तग धरतो. ल्यूकोसिसचा विषाणू त्या मानाने नाजूक. कोंबडीबाहेर काही तासांतच मरतो. म्हणून तो दुसरा मार्ग धरतो. बाधित कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात तो असतो आणि तिथून गर्भात शिरतो. अशा अंड्यातून निघालेले पिल्लू या विषाणूला जन्मापासून आपलाच समजते. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड तयारच होत नाहीत. ते पिल्लू मोठे होते, अंडी देते आणि विषाणू पुढच्या पिढीकडे जातो. मॅरेक्सची वाट शेडमधून येते, ल्यूकोसिसची हॅचरीतून आणि तिच्याही मागच्या मूळ कळपातून.

पत्र्याजवळ उभ्या डॉक्टरांना दोघांत फरक करायला मदत करते ती एक छोटीशी पिशवी. कोंबडीच्या गुदद्वाराच्या वरच्या अंगाला, आतड्याला लागून बोराएवढी एक गोळी असते. पदुआचे शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांच्या नावाने तिला बर्सा म्हणतात. ती कशासाठी असते हे साडेतीनशे वर्षे कुणाला ठाऊक नव्हते. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक पिल्लांचे बर्से काढून काय होते ते पाहत होते. विशेष काही घडत नव्हते. त्यांचे सहकारी टिमथी चँग यांना वर्गात प्रतिपिंडांचे प्रात्यक्षिक दाखवायला पक्षी हवे होते. त्यांनी ग्लिक यांच्याकडच्याच कोंबड्या नेल्या. त्यातल्या काहींत प्रतिपिंड तयारच झाले नाहीत. त्या नेमक्या बर्सा काढलेल्या निघाल्या. 'सायन्स' मासिकाने हा लेख नाकारला आणि तो १९५६ मध्ये 'पोल्ट्री सायन्स'मध्ये छापून आला. आज माणसाच्या रक्तातल्या ज्या पेशींना आपण बी-पेशी म्हणतो, त्यांतला बी हा या बर्साचा.

ल्यूकोसिसची गाठ याच पिशवीत जन्म घेते. विषाणूजवळ गाठ उठवणारे स्वतःचे जनुक नसते. तो पेशीच्या डीएनएमध्ये कुठेतरी शिरतो, आणि योगायोगाने 'मिक' नावाच्या वाढीच्या जनुकाच्या शेजारी जाऊन बसला तर ते जनुक अखंड चालू राहते. असा योग जुळून यायला वेळ लागतो. म्हणून ल्यूकोसिसच्या गाठी साधारण चौदा-सोळा आठवड्यांआधी दिसत नाहीत. लहान वयात बर्सा काढून टाकला तर हा रोग होतच नाही, हे १९६० च्या दशकात प्रयोगाने सिद्ध झाले. राउस यांच्या विषाणूची गोष्ट निराळी: त्याने कोंबडीचेच 'सार्क' नावाचे जनुक पळवून स्वतःजवळ ठेवले होते, म्हणून त्याची गाठ महिन्यांची वाट पाहत नाही. मॅरेक्सच्या गाठी टी-पेशींच्या असतात. त्यात बर्सा बहुधा सुकतो किंवा सरसकट जाडावतो. मग डॉक्टर बर्सा उभा चिरून पाहतात. आत गाठ असेल तर संशय ल्यूकोसिसवर जातो, आणि बर्सा सुकलेला असून नस जाड असेल तर मॅरेक्सवर.

पुस्तकात हे इतके नीटनेटके वाचून शेडवर गेले, की पहिल्याच आठवड्यात फजिती होते. तिसरा एक विषाणू आहे: रेटिक्युलोएंडोथेलिओसिस. नाव इतके अवजड की शेतातच काय, प्रयोगशाळेतही त्याला आरईव्हीच म्हणतात. हा पक्का बहुरूपी. कधी बर्सात गाठी उठवून ल्यूकोसिसचे सोंग घेतो, कधी नसा सुजवून मॅरेक्सचे, आणि कधी गाठच न उठवता पिल्ले खुरटवतो, त्यांची पिसे वेडीवाकडी करतो. त्यात भर म्हणून तो रोगप्रतिकारशक्ती खचवतो.

प्रतिकारशक्ती खचवणे हा या टोळीचा समाईक धंदा आहे. मॅरेक्सचा विषाणू शरीरात शिरताच आधी बी-पेशी फोडतो, मग टी-पेशींत दडून बसतो. गंबोरोचा विषाणू (अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातल्या गंबोरोवरून १९६२ मध्ये हे नाव पडले) तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांचा बर्सा उद्ध्वस्त करतो. चिकन अ‍ॅनिमिया विषाणू अस्थिमज्जा आणि गळ्यातली थायमस ग्रंथी पोखरतो. हा शेवटचा तर अगदीच किरकोळ दिसतो: जेमतेम २३०० अक्षरांचा डीएनए, तोही गोल. आईकडून प्रतिपिंड मिळालेल्या पिल्लाला तो काही करत नाही, आणि दोन-तीन आठवडे उलटलेल्या पिल्लालाही सहसा आजारी पाडत नाही. पण गंबोरोने आधीच बर्सा खाल्ला असेल तर वयाचे हे संरक्षण उरत नाही. अ‍ॅनिमियाचा विषाणू तेव्हा मोठ्या पिल्लांनाही लोळवतो आणि वर मॅरेक्सच्या लसीचा प्रभाव कमी करतो. म्हणजे सहाव्या आठवड्यात थोडीशी मर देऊन गेलेला गंबोरो मालक विसरून जातो आणि त्याचे बिल अठराव्या आठवड्यात मॅरेक्सच्या नावाने येते.

आता नमुना प्रयोगशाळेत पाठवला आणि पीसीआर केली, तर अहवालात तीन-चार नावे एकदम येऊ शकतात. चीनमधल्या गाठींच्या रोगांवरच्या शोधनिबंधांत मॅरेक्स, ल्यूकोसिसचा जे-उपगट आणि आरईव्ही एकाच पक्ष्यात सापडल्याच्या नोंदी वारंवार दिसतात. पण विषाणू सापडला म्हणजे गाठ त्यानेच उठवली असे होत नाही. मॅरेक्सचा विषाणू तर व्यापारी कळपांत जवळपास सगळीकडे असतो. निरोगी कोंबडीचा नमुना दिला तरी तो सापडेल. म्हणून चांगली प्रयोगशाळा गाठीतल्या पेशी कुठल्या जातीच्या आहेत ते पाहते, विषाणूचे प्रमाण मोजते, कळपाचे वय विचारते. डॉक्टरांनी जोडलेली हस्तलिखित चिठ्ठी इथे यंत्राइतकीच कामाची असते, आणि ती आपल्याकडे बहुतेक वेळा कोरी जाते.

हे विषाणू एकमेकांना वाट करून देतात इतकेच नाही, एकमेकांत मिसळतातही. कोंबड्यांना देवी येतात. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या धरतात. जगभरातल्या देवीच्या विषाणूंचे नमुने तपासले तेव्हा शेतातल्या बहुतेक प्रकारांच्या डीएनएमध्ये आरईव्हीचा जवळजवळ अख्खा जनुकसंच शिवलेला आढळला. म्हणजे डास देवी घेऊन येतो आणि देवीच्या पोटात दुसरा रोग येतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, एकाच पेशीत मॅरेक्सचा हर्पीस आणि रेट्रोव्हायरस वाढवले तर रेट्रोव्हायरसचे तुकडे हर्पीसच्या जनुकसंचात जाऊन बसतात, हेही दिसले. ल्यूकोसिसच्या जे-उपगटाने आपले बाह्य आवरण कोंबडीच्याच डीएनएमध्ये युगानुयुगे पडून असलेल्या जुन्या विषाणूच्या अवशेषांकडून घेतलेले दिसते. हा उपगट इंग्लंडमध्ये १९८८ च्या सुमारास प्रथम हाती लागला आणि १९९० च्या दशकात ब्रॉयलरच्या मूळ कळपांतून जगभर पोहोचला. मूळ कळप राखणाऱ्या कंपन्या मोजक्या, आणि तिथल्या एका कोंबडीची पणतवंडे लाखांत. अंडे हेच दार असलेल्या विषाणूला याहून सोयीची रचना कुणी करून दिली नसती. आणि ज्या शिडीने तो खाली आला, तीच शिडी त्याला हटवायलाही कामी आली: वरच्या पायरीवर प्रत्येक कोंबडीच्या अंड्याचा पांढरा बलक तपासून बाधित पक्षी काढून टाकले की खालच्या लाखोंची सुटका होते.

आरईव्हीचे मूळ तर याहून चक्रावणारे आहे. २०१३ साली निएवियाडोम्स्का आणि गिफर्ड या संशोधकांनी या विषाणूंची वंशावळ मांडली आणि ती सस्तन प्राण्यांकडे जाऊन पोहोचली. त्यांचे म्हणणे असे: १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या बोर्निओच्या एका फेझंट पक्ष्यापासून मलेरियाचा परजीवी वेगळा करण्यात आला आणि प्रयोगांसाठी तो कोंबडीच्या पिल्लांत, बदकांत वर्षानुवर्षे टोचत ठेवला गेला. त्या रक्ताबरोबर सस्तन प्राण्याचा एक विषाणू पक्ष्यांत शिरला असावा, आणि तिथून पुढे देवीच्या लशींत. हा पुराव्यांवरून बांधलेला तर्क आहे, डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट नव्हे. पण मला तो पटतो, कारण याच विषाणूने पुढे नेमकी हीच चाल पुन्हा खेळून दाखवली.

१९७४ मध्ये जपानमध्ये मॅरेक्सची लस दिलेले कळप खुरटू लागले. पिसे मधूनच झडल्यासारखी, पिल्ले वाढेनात. लशीचे काही साठे आरईव्हीने दूषित होते. रोग टाळायला टोचलेल्या सुईतूनच तो रोग हजारो पिल्लांच्या मानेत गेला होता. त्या प्रकरणाचा माग काढता काढता युआसा आणि सहकाऱ्यांना आणखी एक अनोळखी घटक सापडला. १९७९ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन केले. तोच चिकन अ‍ॅनिमियाचा विषाणू. म्हणजे एका विषाणूविरुद्धच्या लशीत दुसरा, आणि दुसऱ्याच्या शोधात तिसरा. तेव्हापासून लस बनवायला विशिष्ट रोगमुक्त कळपांचीच अंडी वापरावीत हा नियम कडक झाला. आपल्याकडे महाराष्ट्रात वेंकीजसारखी कंपनी अशी अंडी तयार करते.

लस शुद्ध असली तरी सगळे प्रश्न सुटतात असे नाही. टर्कीत राहणारा एक निरुपद्रवी हर्पीस १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या ईस्ट लान्सिंग प्रयोगशाळेत लस म्हणून उभा राहिला. कर्करोगाविरुद्ध मोठ्या प्रमाणावर वापरलेली ही पहिलीच यशस्वी लस. मॅरेक्सची मर धाडकन खाली आली. पण काही वर्षांत जास्त घातक विषाणू दिसू लागले. १९८० च्या दशकात टर्कीच्या लशीला एसबी-१ या दुसऱ्या लशीची जोड द्यावी लागली, आणि कोंबडीच्या काही वाणांत याच एसबी-१ मुळे ल्यूकोसिसच्या गाठी वाढतात असेही आढळले! १९९० च्या दशकात अमेरिकेने नेदरलँड्सची रिस्पेन्स लस घेतली. दर वेळी लस वरचढ, मग विषाणू वरचढ.

याचे कारण असे की ही लस गाठ थांबवते, संसर्ग थांबवत नाही. टोचलेली कोंबडी जगते, अंडी देते आणि कोंड्यातून शेतातला विषाणू टाकतही राहते. अँड्र्यू रीड आणि वेणुगोपाल नायर यांच्या गटाने २०१५ मध्ये याचा प्रयोग प्रसिद्ध केला. सर्वांत घातक विषाणू दिलेल्या, लस नसलेल्या कोंबड्या तो फारसा पसरवण्याआधीच मेल्या. लस दिलेल्या जगल्या आणि कितीतरी अधिक विषाणू शेडमध्ये सोडत राहिल्या. यावरून लसच नको असा निष्कर्ष कुणी काढला तर त्याने एक बॅच बिनलशीची काढून दाखवावी. शिवाय दोष एकट्या लशीचा नाही. एका छताखाली हजारो पक्षी, वर्षभर अखंड बॅचेस आणि वेगवेगळ्या वयांचे कळप शेजारी शेजारी, हे सगळे विषाणूच्या पथ्यावर पडते. २०२३ मध्ये युरोप आणि पश्चिम आशियातल्या उत्खननांत मिळालेल्या, १००० वर्षांपर्यंत जुन्या हाडांतून मॅरेक्सचा डीएनए वाचला गेला. तो जुना विषाणू आजच्यासारखा गाठी उठवू शकत नव्हता. कोंबड्यांबरोबर तो कित्येक शतके गुण्यागोविंदाने राहिला असणार.

माणसाचे काय, हा प्रश्न ग्राहक नेहमी विचारतात. त्याचे उत्तर देणारा एक प्रयोग इतिहासाने नकळत करून ठेवला आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना टोचलेली पीतज्वराची लस कोंबडीच्या अंड्यांत वाढवलेली होती आणि त्या अंड्यांत ल्यूकोसिसचा विषाणू होता. पुढे त्या सैनिकांच्या कर्करोगाच्या नोंदी तपासल्या गेल्या. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात धोका वाढल्याचे दिसले नाही. मॅरेक्सचा विषाणूही माणसात गाठी उठवतो असा पुरावा नाही. गाठी असलेला पक्षी खाऊ नये, तो किळसवाणा आणि आजारी असतो म्हणून. कर्करोग लागेल म्हणून नव्हे.

राहता राहिला पत्र्याजवळ उभा असलेला मालक, ज्याची लस वाया गेली. मॅरेक्सच्या बहुतेक प्रभावी लशींतला विषाणू जिवंत पेशींच्या आत असतो, म्हणून त्या उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये राहतात. अँप्यूल बाहेर काढताना हातमोजे आणि चष्मा लागतो, कारण ती फुटून काचा उडू शकतात. साधारण २५ ते २७ अंशांच्या पाण्यात ती मिनिट-दीड मिनिटात वितळवायची, पातळ करण्याच्या द्रावणात हळुवार मिसळायची, आणि तासाभरात पिल्लांच्या मानेत संपवायची. जोरात हलवले किंवा सुई फार बारीक घेतली तर पेशी फुटतात आणि पिल्लांना नुसते गुलाबी पाणी मिळते. नायट्रोजनची टाकी वाटेत अर्धी रिकामी झाली तरी तेच, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

आणि लस नीट लागली तरी तिला उभे राहायला साधारण आठवडा लागतो. तेवढ्या दिवसांत शेडमधल्या तुसाच्या जुन्या गादीतला, वाशावरच्या धुळीतला विषाणू आधी पोहोचला तर लस मागे राहते. म्हणून डॉक्टर पीएम संपवून हात धुतात आणि लशीबद्दल एक शब्द न बोलता विचारतात, "मागची बॅच कधी गेली? तूस काढलं होतं का, की त्याच्यावरच नवीन टाकलं? आणि शेजारच्या शेडमधल्या कोंबड्या किती महिन्यांच्या आहेत?"